पर्यटकाला जंगलाचं तिकीट मिळतं, मग तिथंच जन्मलेल्याला का अडवलं जातं? मेळघाटच्या पुनर्वसनाचा गुंता समजून घ्या

अकोट शहरातून उत्तरेला निघालं की सातपुड्याचा पायथा लागतो. तिथं शहानूर गेट आहे. नरनाळा किल्ला बघायला आणि जंगल सफारी करायला पर्यटक इथून आत जातात. नोंदणी करायची, शुल्क भरायचं, गाडीत बसायचं आणि निघायचं.

याच अकोट आणि तेल्हारा तालुक्यांच्या सपाट भागात काही वेगळ्या वस्त्या आहेत. मेळघाटच्या जंगलातून हलवलेल्या कोरकू आदिवासी कुटुंबांची ही पुनर्वसित गावं. यांच्यापैकी कुणाला आपलं जुनं गाव, शेताचा बांध किंवा आजोबांना पुरलेली जागा बघायला जायचं असेल, तर त्यासाठी कुठलीही तिकीट खिडकी नाही. परवानगीशिवाय गेलं तर वन्यजीव कायद्याचा भंग होतो.

जानेवारी 2019 मध्ये हा प्रश्न अचानक राज्यभर पोहोचला. केलपाणी, गुल्लरघाट, धारगड, सोमठाणा अशा गावांमधून हलवलेली कुटुंबं पुन्हा जंगलातल्या जुन्या जागी जाऊन राहिली. त्यांना बाहेर काढायला वन विभाग, पोलीस आणि राज्य राखीव पोलीस दलाचे जवान गेले. केलपाणी-गुल्लरघाट परिसरात मोठा संघर्ष झाला आणि दोन्ही बाजूंचे अनेक जण जखमी झाले.

त्या वेळी बातमी मुख्यतः कायदा-सुव्यवस्थेची झाली. पण घर-शेत सोडून, पैसे घेऊन बाहेर पडलेली माणसं ऐन थंडीत लेकराबाळांसह जंगलात परत का गेली, याचं उत्तर त्या एका दिवसात सापडत नाही. ते पुनर्वसनाच्या कागदांमध्ये, पैशांच्या हिशेबात आणि एका तालुक्याच्या सीमारेषेत सापडतं.

मेळघाटात नेमकं झालं काय?

धारणी आणि चिखलदरा हे अमरावती जिल्ह्यातले दोन तालुके मिळून मेळघाट ओळखला जातो. 1973 मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. त्यात निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांमध्ये मेळघाट होतं. पुढे 1985 मध्ये मेळघाट अभयारण्य आणि 1987 मध्ये गुगामल राष्ट्रीय उद्यान झालं. 2007 मध्ये जवळपास 1,500 चौरस किलोमीटर क्षेत्र 'अतिसंरक्षित व्याघ्र अधिवास' म्हणून जाहीर झालं. बोलीभाषेत यालाच 'कोअर' म्हणतात.

या कोअरमध्ये आधीपासून गावं होती. वाघांसाठी हा भाग माणसांपासून मोकळा ठेवायचा, हे धोरण ठरल्यावर गावं बाहेर हलवायला सुरुवात झाली. बोरी, कोहा आणि कुंड ही सुरुवातीला हललेली गावं. त्यानंतर, विशेषतः 2008 मध्ये केंद्राने मोबदल्याची रक्कम वाढवल्यावर, आणखी बरीच गावं उठली. त्यातली अनेक शेजारच्या अकोला जिल्ह्यात आली.

सरकारी भाषेत हे 'स्वेच्छा पुनर्वसन' आहे. गावाने ठराव करायचा, कुटुंबाने पर्याय निवडायचा आणि मग बाहेर पडायचं.

पण याला निर्वासित म्हणता येईल का?

तांत्रिकदृष्ट्या नाही. 1951 च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानुसार, छळाच्या भीतीने स्वतःचा देश सोडून बाहेर पडलेल्या माणसाला निर्वासित म्हणतात. भारताने या करारावर सही केलेली नाही. मेळघाटची कुटुंबं भारताचीच नागरिक आहेत आणि ती देशाच्या आतच हलली आहेत. त्यामुळे त्यांच्यासाठी 'विस्थापित' हा शब्द जास्त बरोबर आहे.

तरीही जगभरातल्या छावण्यांमध्ये जो प्रश्न दिसतो, तोच इथं वेगळ्या रूपात दिसतो. केनियातल्या काकुमा आणि दादाब छावण्यांमधल्या निर्वासितांना वर्षानुवर्षं बाहेर पडण्यासाठी पास घ्यावा लागत आला आहे. बांगलादेशात कॉक्स बाजारच्या रोहिंग्या छावण्यांभोवती काटेरी कुंपण घातलं गेलं. तमिळनाडूमध्ये श्रीलंकेतून आलेले तमिळ निर्वासित दशकानुदशकं छावण्यांमध्ये राहिले आणि तिथं हजेरी द्यावी लागायची. 2021 मध्ये या छावण्यांचं नाव बदलून 'पुनर्वसन छावण्या' करण्यात आलं.

या सगळ्यांना आत अडकवलं गेलं. मेळघाटच्या लोकांना बाहेर ठेवलं गेलं. अकोटजवळच्या वस्तीला कुंपण नाही आणि तिथला माणूस मुंबईलाही जाऊ शकतो. पण ज्या एका ठिकाणावर त्याचं जगणं उभं होतं, तिथंच त्याला जाता येत नाही.

देशांतर्गत विस्थापितांसाठी संयुक्त राष्ट्रांनी 1998 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं मांडली. ती बंधनकारक नाहीत, पण त्यात दोन गोष्टी स्पष्ट आहेत. विस्थापितांना छावणीत किंवा वसाहतीत मोकळेपणाने ये-जा करता आली पाहिजे. आणि ज्यांचं जगणं जमिनीशी घट्ट बांधलेलं आहे, अशा आदिवासी, शेतकरी आणि पशुपालक समूहांना विस्थापनापासून वाचवण्याची सरकारची विशेष जबाबदारी आहे.

जंगलात जाण्यावर बंदी येते तरी कशी?

इथं वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मधली दोन कलमं महत्त्वाची आहेत.

कलम 27 सांगतं की अभयारण्यात कोण जाऊ शकतो. कामावर असलेला सरकारी कर्मचारी, परवानगी मिळालेली व्यक्ती, आतल्या स्थावर मालमत्तेवर हक्क असलेली व्यक्ती, या तिघांवर अवलंबून असलेले लोक आणि सार्वजनिक रस्त्याने जाणारा प्रवासी. बाकी सगळ्यांना परवाना लागतो.

म्हणजे गावात राहणारा कोरकू शेतकरी आतापर्यंत कशाच्या जोरावर आत होता? तिथल्या घर-जमिनीवरच्या हक्काच्या जोरावर. पुनर्वसनात तोच हक्क 'निकाली' निघतो. मोबदला मिळतो, जमीन वन विभागाकडे जाते आणि त्यासोबत आत जाण्याचा आधारही जातो. काल जो हक्कदार होता, तो आज कायद्याच्या नजरेत इतर कुणासारखाच बाहेरचा माणूस होतो.

मग परवाना कशासाठी मिळतो? कलम 28 मध्ये त्याची यादी आहे. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन, पर्यटन आणि आत राहणाऱ्या व्यक्तीशी कायदेशीर व्यवहार. 2022 च्या दुरुस्तीत अधिवासाला धक्का न लावता होणाऱ्या चित्रीकरणाचीही भर पडली.

या यादीत जुन्या गावचा देव, पूर्वजांची जागा किंवा मोहफुलं वेचणं कुठंच नाही. पर्यटनही कोअरमध्ये सगळीकडे खुलं नसतं, ते ठरावीक मार्गांपुरतं असतं. पण पर्यटकासाठी कायद्यात किमान एक दार आहे. जुन्या रहिवाशासाठी तेही नाही.

राज्यघटनेच्या कलम 19 नुसार प्रत्येक नागरिकाला देशभर फिरण्याचं आणि कुठंही स्थायिक होण्याचं स्वातंत्र्य आहे. त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, पण दोनच कारणांसाठी. एक, सर्वसामान्य जनतेचं हित आणि दुसरं, अनुसूचित जमातींच्या हिताचं रक्षण. घटनाकारांच्या डोळ्यांसमोर बाहेरच्यांनी आदिवासी भागात शिरून त्यांना लुबाडण्याचा धोका होता. मेळघाटात निर्बंधाचं टोक उलट बाजूला, म्हणजे आदिवासींकडेच वळलेलं दिसतं.

10 लाखांत काय येतं?

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या 2008 च्या योजनेत प्रत्येक कुटुंबाला 10 लाख रुपये ठरले. 2021 मध्ये ही रक्कम 15 लाख झाली. 18 वर्षांवरचा मुलगा, 18 वर्षांवरची अविवाहित मुलगी, विधवा किंवा घटस्फोटित स्त्री यांना वेगळं कुटुंब धरलं जातं. त्यामुळे एका घरात दोन-तीन मोबदलेही येऊ शकतात.

यात दोन पर्याय आहेत. पहिल्यात रक्कम घ्यायची आणि स्वतःची सोय स्वतः करायची. यातला बराचसा भाग लाभार्थ्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवावा, म्हणजे व्याजातून उत्पन्न मिळेल, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. दुसऱ्या पर्यायात वन विभागच जमीन, घर आणि सुविधा देतो.

दुसऱ्या पर्यायाचा हिशेब बघा. 10 लाखांपैकी 35 टक्के शेतजमीन घेऊन ती तयार करायला, 30 टक्के जुन्या हक्कांच्या निपटाऱ्याला, 20 टक्के घराला, 5 टक्के प्रोत्साहन म्हणून आणि 10 टक्के सामूहिक सुविधांना.

म्हणजे 2 हेक्टर, जवळपास पाच एकर जमिनीसाठी साडेतीन लाख रुपये. एकरी साधारण 70 हजार. कापूस, संत्रा आणि केळीच्या अकोट-तेल्हारा पट्ट्यात या भावात चांगली जमीन मिळवणं किती अवघड आहे, हे वऱ्हाडातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारावं.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. रस्ता, पिण्याचं पाणी, वीज, समाजमंदिर, स्मशानभूमी या सुविधांचा 10 टक्के हिस्सासुद्धा कुटुंबाच्या याच पॅकेजमधून धरलेला आहे. इतर गावांना ज्या गोष्टी सरकारी योजनांमधून मिळतात, त्यासाठी इथं विस्थापिताच्या मोबदल्यातलाच वाटा जातो.

2019 मध्ये परत गेलेल्या लोकांच्या तक्रारी याच होत्या. कबूल केलेली जमीन मिळाली नाही, सुविधा अपुऱ्या आहेत, रोजगार नाही. बाहेर आल्यानंतर आजारपण आणि मृत्यू वाढल्याचा मुद्दाही गावकरी आणि कार्यकर्त्यांनी वारंवार मांडला होता.

जंगलात पैसा कमी लागायचा. मोहफुलं, तेंदूपाने, चारोळी, मध, रानभाज्या, नदीतले मासे आणि सरपण तिथंच मिळायचं. बाहेर आल्यावर यातली प्रत्येक गोष्ट विकत घ्यावी लागते. मोबदला एकदाच मिळतो, खर्च मात्र रोजचा असतो. मोबदल्याच्या हिशेबात हा फरक कुठं दिसत नाही.

जिल्हा बदलला की आणखी काय बदलतं?

या सगळ्या प्रकरणात सगळ्यात कमी चर्चा झालेली गोष्ट हीच आहे.

धारणी आणि चिखलदरा हे दोन्ही तालुके घटनेच्या पाचव्या अनुसूचीखालचे 'अनुसूचित क्षेत्र' आहेत. इथं 1996 चा पेसा कायदा लागू होतो. त्यानुसार गौण वनोपजाची मालकी, दारूवर नियंत्रण, सावकारीला आळा आणि भूसंपादनाआधी विचारणा अशा बाबतीत ग्रामसभेला विशेष अधिकार आहेत. महाराष्ट्रात 2015 पासून पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधी थेट दिला जातो.

अकोला जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्रच नाही.

त्यामुळे मेळघाटचं गाव अकोट किंवा तेल्हारा तालुक्यात आलं की माणसं तीच राहतात, पण त्यांच्या ग्रामसभेचं हे संरक्षण सीमेवरच गळून पडतं. जमातीचा दाखला कायम राहतो. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकण्यावरचे निर्बंधही राज्यभर लागू असल्याने ते राहतात. पण सामूहिक अधिकार जातात.

कार्यालयही बदलतं. अमरावती जिल्ह्यासाठी आदिवासी विकास विभागाचं प्रकल्प कार्यालय धारणीत आहे. कोरकू बोलणारी माणसं, त्यांची गावं आणि त्यांचे प्रश्न रोज तिथं येत असतात. अकोल्यात आल्यावर प्रकल्प कार्यालय वेगळं, तहसील वेगळी आणि पंचायत समितीही वेगळी. कोरकू ही मराठीची बोली नाही, ती मुंडा कुळातली स्वतंत्र भाषा आहे. धारणीच्या बाजारात ती सगळीकडे कानावर पडते. अकोटच्या कचेरीत तिचा उपयोग होत नाही.

आणि मतांचं गणितही असतं. मेळघाट विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. तिथं कोरकू मतदार निर्णायक असतो. बाहेरच्या मतदारसंघात तोच मतदार काही शेकड्यांचा छोटा गट होऊन जातो.

मग कायदा विस्थापितांच्या बाजूने काहीच सांगत नाही?

सांगतो, आणि बऱ्यापैकी कडक शब्दांत सांगतो.

वनहक्क कायदा 2006 आणि त्याच वर्षी वन्यजीव कायद्यात झालेली दुरुस्ती यांनुसार गाव हलवण्याआधी काही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. आधी लोकांचे वनहक्क मान्य झाले पाहिजेत. माणसांच्या वावराने वन्यजीवांचं न भरून येणारं नुकसान होतं, हे दाखवता आलं पाहिजे. सहजीवनाचा दुसरा पर्याय नाही, हे ठरलं पाहिजे. ग्रामसभेची मुक्त आणि पूर्ण माहितीवर आधारलेली संमती लेखी हवी. आणि नव्या ठिकाणी जमीन आणि सुविधा पूर्ण तयार होईपर्यंत कुणालाही हलवता येत नाही.

शेवटची अट पुन्हा वाचा. आधी सुविधा, मग स्थलांतर. 2019 च्या तक्रारी खऱ्या असतील, तर प्रश्न फक्त उशिराचा उरत नाही, तो कायदा पाळला की नाही याचा होतो.

संमतीचाही प्रश्न आहेच. कोअरमधल्या गावांमध्ये रस्ता, वीज, मोबाईल टॉवर अशी कामं वन आणि वन्यजीव मंजुऱ्यांमध्ये अडकतात. पावसाळ्यात दवाखाना गाठणं कठीण होतं. 1993 पासून मेळघाट बालमृत्यू आणि कुपोषणासाठी देशभर ओळखला जातो. अशा ठिकाणी 'बाहेर या, सगळं मिळेल' असं सांगितल्यावर आलेला होकार किती मोकळा असतो? ज्या सुविधा नागरिक म्हणून गावातच मिळायला हव्या होत्या, त्या गाव सोडण्याच्या बदल्यात मिळत असतील, तर 'स्वेच्छा' या शब्दाचा अर्थ पातळ होतो.

वन विभागाची बाजू काय?

ती समजून घेणंही गरजेचं आहे. वाघाला सलग आणि शांत जंगल लागतं. गावं उठली तिथं शेतांच्या जागी गवताळ कुरणं तयार होतात, हरीण-सांबर वाढतात आणि वाघाला खाद्य मिळतं. सातपुड्याचं हे जंगल टिकलं तर सिपना, गडगा, खंडू अशा नद्या टिकतात. त्यांच्या पाण्याचा फायदा खालच्या मैदानालाही होतो. गावकऱ्यांनाही रानडुकरांकडून होणारी पिकांची नासाडी आणि हिंस्र प्राण्यांची भीती असते. मुलांच्या शाळेसाठी, दवाखान्यासाठी स्वतःहून बाहेर यायला तयार झालेली कुटुंबंही आहेत.

2019 च्या संघर्षात जखमी झालेले वनरक्षक हेही कमी पगारावर दुर्गम भागात नोकरी करणारे लोक होते. कबूल केलेली जमीन देणं त्यांच्या हातात नव्हतं. ते ज्यांच्या हातात होतं, ती माणसं त्या दिवशी केलपाणीत नव्हती.

दुसरा रस्ता आहे का?

कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगनाथस्वामी टेकड्यांच्या जंगलात 2011 मध्ये सोलिगा आदिवासींचे सामूहिक वनहक्क मान्य झाले. ते जंगल व्याघ्र प्रकल्प आहे आणि तिथं वाघ आणि सोलिगा दोघेही आहेत. मेळघाटच्या पायथ्याला पायविहीरसारख्या गावाने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर उजाड जमिनीवर जंगल उभं केलं. 2014 मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कारही मिळाला. पायविहीर कोअरमध्ये नाही, त्यामुळे तुलना तंतोतंत होत नाही. पण जंगल राखायचं म्हणजे माणूस हटवायचाच, हे गृहीतक तपासून बघावं लागतं, एवढं यातून नक्की कळतं.

जी गावं आधीच बाहेर आली, त्यांच्यासाठीही काही गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. वर्षातल्या ठरावीक दिवशी, विशेषतः होळीच्या काळात, जुन्या देवस्थानांना आणि दफनभूमीला जाण्याची लेखी मुभा देता येईल. पुनर्वसित गावांना पेसासारखे अधिकार देण्याचा विचार करता येईल. बाकी असलेल्या जमिनीचा आणि रकमेचा कुटुंबनिहाय हिशेब जाहीरपणे गावात वाचून दाखवता येईल. यातल्या कशानेही वाघाचं नुकसान होत नाही.

हे आता का महत्त्वाचं आहे?

कारण हा विषय संपलेला नाही. जून 2024 मध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने राज्यांना पत्र लिहून कोअरमधल्या गावांच्या स्थलांतराचं वेळापत्रक मागितलं. त्या पत्रानुसार 19 राज्यांमध्ये 591 गावं आणि 64,801 कुटुंबं अजून कोअरमध्ये आहेत. मेळघाटची उरलेली गावंही याच रांगेत आहेत.

यापुढे 'अमुक गावाने वाघासाठी स्वेच्छेने घर सोडलं' अशी पोस्ट टाइमलाइनवर आली, तर शेअर करण्याआधी चार प्रश्न विचारता येतील. हलवण्याआधी त्या गावाचे वनहक्क मान्य झाले होते का? जमीन आधी मिळाली की नुसतं आश्वासन? नवीन जागा अनुसूचित क्षेत्रात आहे का? आणि उद्या गावातल्या एखाद्या म्हातारीला आपलं जुनं घर होतं ती जागा बघायची असेल, तर तिला आत कोण सोडणार?